सिंहद्वाराच्या आत, बाहेर

काशीत देह ठेवला की मोक्ष आणि मगहर गावी ठेवला की पुढला जन्म गाढवाचा, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. म्हणजे माणसाचं पुण्य राहिलं बाजूला, विचारायचा तो नुसता पत्ता. बनारस हिंदू विद्यापीठात ई-जर्नल वाचणाऱ्याला हा हिशेब चटकन पटावा. कॅम्पसच्या इंटरनेटवर लेख बिनबोभाट उघडतो, कारण प्रकाशकाचा संगणक विद्यापीठाचा आयपी ॲड्रेस ओळखतो. तोच संशोधक विद्यापीठाच्या सिंहद्वारातून बाहेर पडून समोरच्या लंका भागात चहाला आला, फोन स्वतःच्या डेटावर गेला, की तोच लेख डॉलरमध्ये दाम मागू लागतो.

इथल्या ग्रंथालयाची सुरुवात मराठी घरातल्या पुस्तकांनी झाली. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या स्मरणार्थ त्यांच्या चिरंजीवांनी १९१७ मध्ये संग्रह दिला. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या देणगीतून १९४१ मध्ये आजची इमारत उभी राहिली. ती पुस्तकं एकदा आली ती आलीच. ई-जर्नलचं तसं नाही. वर्गणी थांबली आणि करारात सोय करून ठेवली नसेल, तर कालपर्यंत वाचलेले जुने अंकही दिसेनासे होतात.

ग्रंथपालांना होणारा जाच वेगळाच. पूर्वी पानं फाडणाऱ्यावर नजर ठेवावी लागे; आता एका रात्रीत शेकडो पीडीएफ उतरवून घेणाऱ्यावर. एकाच्या हावरेपणापायी प्रकाशक अख्ख्या विद्यापीठाला दार लावू शकतो. "सर, जर्नल नहीं खुल रहा," असा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "बैठे कहाँ हैं आप?"

कबीर अखेरच्या दिवसांत मुद्दाम मगहरला गेले, ते हा पत्त्याचा हिशेब मोडायला. रिमोट ॲक्सेसचंही म्हणणं तेच: लॉगिन खरं असेल तर सासुरवाडीला बसून वाचा. शिवाय २०२५ पासून सगळ्यांसाठी एकत्र वर्गणी भरणारी केंद्र सरकारची 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना आली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल आणि ६,३०० सरकारी संस्था. क्षेत्राची हद्द चांगलीच रुंदावली.

तरी पीएच.डी. पदरात पडली, संस्थेशी संबंध सुटला, की लॉगिनही सुटतं. वाचायची खरी समज येते ती नेमकी तेव्हा. मग हे नवे डॉक्टरसाहेब मागे राहिलेल्या एखाद्या पोराला मेसेज टाकतात, "भाई, एक पेपर निकाल दो." करारातल्या कुठल्याच कलमात ही वाट नाही, पण संशोधनाची बरीचशी वर्दळ तिच्यावरूनच चालते.