तीन पिढ्यांची भोकं

आमच्या पडवीच्या पत्र्याला अकरा भोकं आहेत. पत्रा धरून ठेवणारी वेगळी, ती मी धरत नाही. ही अकरा हौसेची.

पहिली चार १९८७ सालची. त्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि वडिलांनी पडवीवर अँटेना उभा केला. पाईपाच्या बुडाला चौकोनी पट्टी, चार कोपऱ्यांना चार नटबोल्ट. चित्र स्वच्छ आलं. जूनमध्ये पाणीही स्वच्छ आलं. आईनं खाली टोप ठेवला. रविवारी सकाळी अर्धी वाडी आमच्याकडे जमायची, ती त्या टोपाच्या भोवतीनं, मधे यज्ञकुंड असावं तशी अदबीनं बसायची. पुढे रामायण संपलं, काही वर्षांनी अँटेनाही भंगारात गेला, भोकं राहिली.

नंतरची चार माझी. डिशची. आमच्याकडे तिला छत्री म्हणतात. छत्री बसवली आणि घर गळायला लागलं, असं दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलं असेल असं वाटत नाही. उरलेली तीन भोकं तर कशाचीच नाहीत. पत्र्याखालचा आडवा पाईप नेमका कुठे आहे, ते बसवणारा पोरगा वरून ड्रिल मारून शोधत होता. तीनदा हुकला, चौथ्यांदा सापडला. हुकलेल्या भोकांवर मी सिमेंट थापलं. ते पहिल्याच उन्हाळ्यात तडकलं. मग डांबर लावलं, ते ओघळलं. मग बाजारातून सिलिकॉनची नळी आणली. लावताना शिरक्यासारखा वास आला, म्हणून ते अस्सल असणार असं मी घरात सांगितलं. दोन पावसाळ्यांत भोकाच्या कडेचा पत्राच गंजून गेला.

तिसरी पिढी पुण्याला असते. २०२४ च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना जाहीर झाली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, एवढं मुलानं फोनवर सांगितलं आणि फोन ठेवायच्या आत आमच्या छपरावर सहा पॅनल बसवूनही टाकली. माजघरावर पूर्वी कौलं होती. वानरांनी ती इतकी फोडली की शेवटी आम्ही हात जोडले आणि पत्रे घातले. वानरं अजूनही येतात, आता फक्त आवाज जास्त होतो. तर त्या पत्र्यांवर, ज्यांना अजून आमच्या घराण्याचा हात लागला नव्हता, नवी भोकं पडणार होती.

मिस्त्री घाटावरचा होता. आल्या आल्या यानं ड्रिल काढलंच नाही. आधी आत येऊन खालून पाईप मोजले, मग शिडीनं वर गेला आणि स्क्रूच्या ओळीवरनंच पावलं टाकत फिरला, शेतकरी बांधावरून चालतो तसा. ओळीखाली पाईप असतो. मधे पाय दिला की पत्रा दबतो, आणि दबलेल्या जागी पाणी साचतं.

“गुरुजी, पाणी सरीतनं जातंय,” तो म्हणाला. “भोक वरंब्यावर पाडायचं.”

ऊस लावणाऱ्या गावचा माणूस, त्याला पत्र्यातही सरी-वरंबा दिसला. हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं लंडनमध्ये १८२९ साली नागमोडी पत्र्याचं पेटंट घेतलं. पातळ पत्र्याला ताठपणा यावा म्हणून त्याला वळ्या दिल्या. त्या वळ्यांनीच भोकासाठी एक उंच, कोरडी जागाही करून ठेवली होती. आमच्या अकरांपैकी नऊ भोकं सरीत आहेत. मी वर जाऊन मोजून आलो.

मला काळजी वजनाची होती. एकेक पॅनल पंचवीस-तीस किलोचं. मिस्त्री म्हणाला वजनाचं काही नाही, वारा खालून उचलतो त्याचं बघा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. पत्रे तेव्हा वजनानं खाली बसले नव्हते, उडाले होते. म्हणून त्याचा प्रत्येक पाय पत्र्यातून आरपार खालच्या पाईपात. नुसत्या पत्र्याला एकही नाही.

मग वायसर. स्क्रूच्या टोपीखाली काळं रबर असतं, ते दाबलं तर जावं पण बाहेर फुगू नये. “पिळला की मेला,” एवढंच तो म्हणाला. सैल राहिला तर आजच गळेल, जास्त पिळला तर दोन वर्षांनी. आमच्या डिशवाल्या पोरानं अंगातली सगळी ताकद लावली होती आणि मी शेजारी उभा राहून त्याला “अजून घट्ट” म्हणत होतो.

सिमेंट का तडकलं, तेही कळलं. सहा मीटरचा लोखंडी पत्रा पहाटेच्या गारव्यातून दुपारी चाळीस अंशांनी तापला, तर तीनेक मिलिमीटरनं लांबतो. दुपारी छपरावर टणटण ऐकू येते, ती याचीच. इतकी वर्षं मी वानरांना शिव्या घालत होतो. आणि शिरक्याच्या वासाचं सिलिकॉन जस्ताला खातं. पत्र्याला बिनवासाचं लागतं.

काम संपल्यावर त्यानं ब्रश घेऊन ड्रिलचा कीस झाडून काढला. मला ते फाजील वाटलं, पण तो कीस राहिला की पावसात गंजतो आणि नव्या पत्र्यावर देवीचे व्रण उठल्यासारखे डाग पडतात. शेवटी पाईप लावून खालच्या भोकापासून वरवर पाणी सोडलं. खालून सुरुवात केली की कुठल्या भोकाचं पाणी ते कळतं. मी बॅटरी घेऊन आत, आई टोप घेऊन माझ्या शेजारी. चोवीस भोकं झाली, टोप कोरडा. आई थोडी नाराज दिसली.

जाता जाता मी त्याला पडवी दाखवली. टोपाच्या बरोब्बर वर एकही भोक नाही, हे त्याला अभिमानानं सांगितलं.

“पाणी पाव्हणा हाय, गुरुजी. येतंय एका दारानं, बसतंय दुसऱ्या खोलीत.”

पत्र्यातून आत आलेलं पाणी पाईपाला धरून उताराला जातं आणि जिथे पाईपाला जोड लागतो तिथे टपकतं. मग त्यानं तासभर बसून जुनी भोकं साफ केली, वर पत्र्याचे तुकडे आणि चिकट पट्टी लावली, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. अकरापैकी दहा बुजली. अकरावं वडिलांचं आहे की माझं यावर आईचं आणि माझं एकमत नाही, आणि टोप अजून पडवीतच आहे.