टोपी फिरली हो!

आपल्या पूर्वजांनी युरोपातल्या गोऱ्यांना ‘टोपीकर’ म्हटलं ते काही उगाच नाही! निघालेत लढायला, आणि निम्मा जीव टोपीत. बरं, टोपी तरी स्वतःची असावी? नाव नको!

सगळ्याचं मूळ ते हंगेरीचे हुसार घोडेस्वार. पीळदार मिशा, तंग विजार, अंगात एक डगला असताना दुसरा नुसता खांद्यावर लटकवलेला. शोभा म्हणून! शेजारच्या फौजांनी हे पाहिलं मात्र, सगळ्यांचे डोळे फिरले. पुढे टोक आलेल्या हंगेरियन टोपीला म्हणायचे ‘चाको’. फ्रान्स-इंग्लंडात तिचा ‘शाको’ झाला. इंग्रज पायदळाने ती 1800 साली चढवली, नेपोलियनच्या पायदळाने 1806 मध्ये. चामड्या-नमद्याचं उभं नळकांडं, पुढे पितळी बिल्ला, गोफ, गोंडे, वर तुरा. आणि मोहिमेवर निघालं की या सगळ्यावर मेणकापडाची खोळ! म्हणजे शालू नेसायचा आणि वरून रेनकोट घालायचा.

हुसारांच्या केसाळ टोपीची तर आणखीच तऱ्हा. इंग्रजीत ती ‘बझबी’. कुणी म्हणतं, बझबी नावाचा लंडनचा टोपीवाला होता. कुणी म्हणतं, त्या नावाचा झुबकेदार केसांचा टोप असायचा, त्यावरून. नावाचा पत्ता नाही, पण डौल पाहा!

पण खरी भानगड 1815 ची. वॉटर्लूच्या लढाईत इंग्रजांच्या पहिल्या फूट गार्ड्स पलटणीने नेपोलियनच्या खास रक्षकदळाला पळवलं. त्यांना वाटलं, आपण अस्वली टोपीवाले ग्रेनेडिअर लोळवले. झालं! इनाम म्हणून त्याच महिन्या-दोन महिन्यांत ‘ग्रेनेडिअर गार्ड्स’ हे नाव मिळालं, आणि साऱ्या पलटणीच्या डोक्यावर अस्वलाचं कातडंही आलं. पुढे इतिहासकारांनी कागद चाळले, तर समोर होते त्याच रक्षकदळाचे दुसरे शिपाई, शासर! ग्रेनेडिअर नव्हतेच मुळी. आता दोनशे वर्षांनी कोण टोपी परत करतो? बकिंगहॅम राजवाड्यापुढे भर उन्हात तीच मिरवतात, आणि अस्वलं मरतात तिकडे कॅनडात.

तर यांचा रिवाज एकच: जो जिंकेल त्याची टोपी. फ्रेंचांची चलती होती तेव्हा जिकडेतिकडे त्यांची ‘केपी’. (नाव तेही उसनंच, स्वित्झर्लंडकडच्या जर्मन बोलीतलं, अर्थ काय, तर टोपुली!) अमेरिकेच्या यादवीत तर दोन्ही बाजूंच्या डोक्यांवर केपी. मग 1870-71 मध्ये प्रशियाने फ्रान्सला धूळ चारली, आणि काय सांगू, सगळ्यांना प्रशियाच्या टोकदार शिरस्त्राणाचे डोहाळे लागले. 1878 मध्ये इंग्रजांनी टोक लावून घेतलं, 1881 पर्यंत अमेरिकन पायदळानेही. लढाई हरले फ्रेंच, टोपी बदलली भलत्यांनीच!

आणि तो शाको? वेस्ट पॉइंटचे कॅडेट संचलनाला घालतात अजून. त्याहून कहर म्हणजे, अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या बँडमधली पोरं फुटबॉलच्या मध्यंतरात तोच चढवून ट्रॉम्बोन वाजवतात. हुसारांच्या कानावर घालू नका कुणी!