अलार्मकाका

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं यावर आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात फारसे मतभेद नाहीत. केळवे-माहीमचा असेल तर पानवेलीत रमतो, घोळवडचा असेल तर चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकतो आणि टॅप्सचा, म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्राचा असेल, तर दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालतो. अलार्मकाका तिसऱ्या वर्गातले.

केंद्राची पहिली दोन युनिट १९६९ साली सुरू झाली. काका नोकरीला लागले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण बोलताना ‘आम्ही सुरू केलं’ असंच म्हणतात. हयात गेली कंट्रोल रूममध्ये. समोर ॲनन्सिएटरच्या चौकोनी खिडक्यांची भिंत. काही बिघडलं की त्यातली एक लुकलुकणार, भोंगा वाजणार. ऑपरेटरने ‘ॲक्नॉलेज’चं बटण दाबायचं, म्हणजे ‘पाहिलं बाबा’ असं कबूल करायचं आणि मग कामाला लागायचं. कामाला न लागता नुसतं बटण दाबणाऱ्याशी काका रिटायर होईपर्यंत बोलले नाहीत. मार्च १९७९मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म वाजले आणि नेमकं काय बिघडलंय तेच तिथल्या माणसांना उमजेना. हा किस्सा काका लग्नाच्या पंगतीतही सांगतात, प्रसंगी वधूपित्याला धरून. तात्पर्य ठरलेलं: ‘ज्यावर काही करायचं नाही, तो अलार्मच नव्हे.’

अशा माणसाच्या लॅपटॉपवर मुलाने अँटिव्हायरस बसवून दिला. दुसऱ्याच दिवशी उजव्या कोपऱ्यात चौकट उगवली: ‘तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे.’

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "मग मी काय करू?"

काहीच करायचं नव्हतं. रात्री दोनला गुरखा शिट्टी फुंकून ‘सगळं ठीक’ असं कळवतो आणि ठीक झोपलेला माणूस दचकून उठतो, त्यातलाच हा प्रकार. काकांनी दिवसभर वही घेऊन चौकटी मोजल्या, कृती करण्याजोग्या किती हे लाल पेनाने वेगळं काढलं आणि लाल पेन कोरडंच राहिलं. त्या दिवसापासून त्यांनी व्रत घेतलं: सामान्य माणसाला पेलेल इतकी कॉम्प्युटरची राखण सोपी करायची.

पहिली दीक्षा मिळाली बोईसरच्या डबेवाल्या मावशींना. तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांना त्या डबे पुरवतात आणि हिशेब भाच्याने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवतात. भाच्याने त्यात हौसेने एक फायरवॉलही टाकून ठेवली होती. काका पालघरहून डहाणू लोकल पकडून पोचले तेव्हा पडद्यावर प्रश्न उभा होता, अर्थात इंग्रजीत. काकांनी तो मराठीत वाचून दाखवला: ‘एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई इंटरनेटवर जाऊ इच्छितो. परवानगी द्यावी?’

मावशींनी हात पदराला पुसले. "कोण हा?"

"विंडोजचाच माणूस. बऱ्याच सेवा याच्या अंगावर चालतात."

"मग घरच्या माणसाने मला कशाला विचारायचं? जा म्हणावं."

"पण मावशी, कधीकधी व्हायरससुद्धा हेच नाव लावून येतो. स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल करतो, बास."

"मग जाऊ नको म्हणावं."

"तसं म्हटलंत तर इंटरनेटच बंद पडेल."

मावशींनी काकांकडे, मग पडद्याकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरचा मेन स्विच खाली केला. "त्याला म्हणावं, आधी काय ते नक्की ठरव. मला अजून चाळीस डबे भरायचेत."

काका त्या उत्तरावर खूश. ‘प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नाही, ज्याला विचारला त्यालाही नाही, आणि चूक झाली तर दोष मात्र मावशींचा,’ हे वाक्य त्यांनी वहीत लिहून खाली सही केली. मला विचाराल तर एवढ्यावर थांबले असते तर संत झाले असते. पण काका प्रोसिजर लिहिणाऱ्या पिढीतले. सोसायटीत टायपिंग येणारा मी एकटाच, त्यामुळे ‘घरगुती संगणक सुरक्षा, रिव्हिजन ०’ माझ्याच हातून बाहेर पडली. एक पान, तीन ओळी. अनोळखी काही उघडू नका. काहीही विचारलं तर ‘नाही’ म्हणा. दोन्ही जमलं नाही तर मला फोन करा.

मावशींनी ती ओट्यावर चिकटवली आणि इमानेइतबारे पाळली. म्हणजे विंडोज दर आठवड्याला ‘अपडेट करू का?’ म्हणून विचारायची आणि मावशी ‘नाही’ म्हणायच्या. भोकं बुजवायला आलेला माणूस महिनोन्‌महिने दारातून परत जात होता. रिव्हिजन १: अपडेटला ‘हो’ म्हणा. मग कुठल्याशा सिनेमाच्या साइटवर ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला, अपडेट करा’ अशी पाटी आली आणि मावशींच्या भाच्याने कागदावर बोट ठेवून ‘हो’ म्हटलं. पुढचा आठवडा काकांचा मुक्काम बोईसरला. रिव्हिजन २: अपडेटला ‘हो’ म्हणा, पण ते ब्राउझरमधून विचारलं असेल तर ‘नाही’ म्हणा, मात्र ब्राउझरचंच अपडेट असेल तर परिशिष्ट ‘अ’ पाहा. सातव्या रिव्हिजनला अनुक्रमणिका लागली.

गंमत म्हणजे या चिखलात काकांच्या आधी मोठमोठे रुतलेले आहेत. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर या संशोधकांनी बारा जणांना पीजीपी हे ईमेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर दिलं. दीड तासात ते जेमतेम एक तृतीयांश लोकांना धड वापरता आलं आणि काहींनी तर जपायचा मजकूर उघडाच पाठवून दिला. मायक्रोसॉफ्टने २००७ साली व्हिस्टा आणली. ती ऊठसूट परवानगी मागायची आणि जग न वाचता ‘हो’ दाबायला शिकलं. २००९च्या विंडोज ७मध्ये ती बडबड कमी करावी लागली. आपल्याकडे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. दुकानात कॉम्प्युटर आजारी होऊन येऊ लागले, धाकट्या भावाने, संजयने, व्हायरस काढायचे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. २०१६मध्ये ती शेअर बाजारात गेली. यावर काकांचं मत: "दुकानदार आहे ना, त्याला समोरच्याचं तोंड दिसतं. प्रोग्रॅमरला फक्त पडदा दिसतो."

काकांची खरी करामत म्हणजे मॉक ड्रिल. अँटिव्हायरस जागा आहे की नाही ते तपासायला आयकार नावाची निरुपद्रवी फाइल असते. आत अडुसष्ट अक्षरं, पण ती दिसली की अँटिव्हायरसने बोंब मारायची असा संकेत आहे. काका ही फाइल पेन ड्राइव्हवर घालून चष्म्याच्या केसमधून नेतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये त्यांनी ओळखीवर प्रवेश मिळवला आणि कुणाला न सांगता ड्रिल सुरू केली. लाल चौकट, मोठ्ठा टुँग आवाज. तिघेही क्लार्क व्हाउचरं लावतच राहिले. एकाने मान वर न करता माउस सरकवून ‘ओके’ दाबलं. "काय लिहिलं होतं?" काकांनी विचारलं. "कशात?" तो म्हणाला. काकांनी वहीत त्याच्या नावापुढे ‘ॲक्नॉलेज केलं, कृती शून्य’ असं लिहिलं आणि तिथला चहा घेतला नाही.

पुढे मुलाने वैतागून लॅपटॉपवर विंडोजचाच डिफेंडर ठेवला. २०१२च्या विंडोज ८पासून तो आतच येतो, स्वतः अपडेट होतो, सापडलं ते परस्पर डांबून ठेवतो आणि मावशींना काही विचारत नाही. म्हणजे काकांना हवा तसा. तीन दिवस काका आनंदात होते. चौथ्या दिवशी मला हाक मारली. "अरे, हा काहीच बोलत नाही. आहे ना?" काकू आतून म्हणाल्या, "बोलला तरी पंचाईत, गप्प बसला तरी पंचाईत. चाळीस वर्षं बघतेय." तेव्हापासून रोज सकाळी सातला काका आयकार टाकून पाहतात, डिफेंडर ओरडला की वहीत ‘हजर’ लिहितात आणि मगच चहा पितात.

गेल्या पावसाळ्यात त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’चा फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉल चालू ठेवा, खोलीबाहेर जाऊ नका. पोलीस असं कुणालाच अटक करत नाहीत, हे वाक्य रिव्हिजन ७मध्ये पान चारवर आहे. काकांना ते आठवलं नाही. त्यांनी सवयीने वही उघडली.

"वेळ अकरा-बारा. तुमचं नाव? स्पेलिंग सांगा. कुठली शिफ्ट? शिफ्ट इनचार्ज कोण? हँडओव्हर कुणाकडून घेतला?"

पलीकडचा साहेब आधी दरडावून, मग समजावून आणि शेवटी काकुळतीला येऊन सांगू लागला की आधी पैशांचं बोलू. काका म्हणाले, "क्रमाने जाऊ. पार्सलचं वजन किती? ग्रॉस की नेट?" पंचवीसेक मिनिटांनी फोन कट झाला.

काकू म्हणाल्या, सुटलात, आता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. काकांनी कळवलं, पण मन लागेना. कॉलम रिकामा राहिला होता. दुपारभर ते त्या साहेबाचा नंबर लावत होते आणि दर वेळी स्विच्ड ऑफ आला की खाली नवी ओळ लिहीत होते: ‘पार्टी संपर्काबाहेर. वजन कळणे बाकी.’