सहज बसा!

‘सगळं अगदी सहज हवं,’ असं फोटोग्राफरने फोनवर बजावलं आणि सहजतेची तयारी आठवडाभर चालली. चौघांना एकाच रंगाचे कपडे, बिस्किटांचे पुडे, नाशिकजवळच्या गंगापूर धरणावरचं उतरतं ऊन. पोहोचलो तर धाकटी गाडीतच झोपलेली. थोरल्याचे नवे बूट चिखलात. (सहज काय ते आमचे ‘हे’, मोबाइल बघत होते.)

याच नाशकात संसार थाटलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९च्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटात स्वतःच्या लेकीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. पण त्याआधी, १९१२मध्ये, कुंडीतला वाटाणा रोज थोडाथोडा कॅमेऱ्यात टिपून हात बसवला होता. वाटाण्याला ‘बाळा, इकडे बघ’ म्हणावं लागत नाही.