गायवाला पाथरवट

सात बुटके घ्यायचे आणि डोंगराच्या पोटात वसाहत थाटायची, एवढाच 'ड्वार्फ फोर्ट्रेस'चा खेळ. टार्न आणि झॅक या ॲडम्स बंधूंनी तो २००६ साली आणला, आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने चक्क संग्रहात घेतला. यातल्या प्रत्येक बुटक्याच्या आवडी नोंदवलेल्या असतात. कुणाला ग्रॅनाइट आवडतो, कुणाला खुर्च्या, कुणाला गाय. गाय का, तर तिच्या काळीज कातरणाऱ्या हंबरण्यासाठी! इतकी चौकशी आमच्याकडे लग्न जुळवतानाही होत नाही.

जाणकार म्हणतात, आवडीचा माल हाती दिला की काम उजवं उतरतं. नुसतं ऐकून गप्प बसेन तर मी कसला! सारख्याच तयारीचे दोन पाथरवट निवडले. एक ग्रॅनाइटवेडा, दुसरा हा गायवाला. दोघांनाही ग्रॅनाइटच्या खुर्च्या घडवायला बसवलं. साध्या खुर्चीची किंमत एकपट, बरी झाली तर दुप्पट, असं चढत चढत पाचपटीपर्यंत जातं आणि अव्वल नंबरी खुर्चीला एकदम बारापट.

गोची अशी की, बुटका काम करता करता शिकतो. मग खुर्ची आवडीने साधली की सरावाने, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून खेळ पुन्हा पुन्हा मागे न्यायचा, शिकलेलं सगळं पुसायचं आणि त्याच खुर्च्या नव्याने करून घ्यायच्या. आमच्या ऑफिसात याला वार्षिक प्रशिक्षण म्हणतात.

ग्रॅनाइटवेड्याच्या ढिगात उंची खुर्च्या जास्त निघू लागल्या. थोड्याच हं, मुरलेल्या हातापुढे आवड म्हणजे लिंबूटिंबू. पण निघत होत्या, आणि मी खुशीत होतो.

तेवढ्यात गायवाल्याच्या अंगात आलं. खेळात असं येतं. बुटका कारखाना बळकावतो, हवं ते सामान मिळेपर्यंत हटून बसतो आणि नाहीच मिळालं तर वेडा होतो. हा हाडांसाठी अडला. दिली आणून. मग त्याने जी खुर्ची काढली, तिच्यावर हाडाचं जडावकाम आणि मधोमध गायीचं चित्र! माझ्या सगळ्या ढिगाऱ्याहून तिची किंमत जास्त. वर, अशा झपाट्यातून उठलेला बुटका बहुतेक वेळा एका रात्रीत दंतकथेतला कारागीर होतो, तसा हाही झाला. आता तुलना कुणाशी आणि कशाची करणार?

ग्रॅनाइटवेडा रिकामाच झाला होता. त्याला दगड वाहायला लावलं. ग्रॅनाइटचेच दिलेत. आवडीनिवडीचा विचार केला नाही, असं उद्या कुणी म्हणायला नको.