शून्य गळालं, टिंब पळालं

नोव्हेंबर २००० मध्ये नेटस्केपनं आपला नवा ब्राउझर लोकांच्या हाती दिला आणि त्याला क्रमांक दिला सहा. आधीचा होता चार. पाचव्याचं काम १९९८ सालीच अर्ध्यावर टाकून सगळं मुळापासून लिहायचं ठरलं होतं, आणि तेवढ्यात मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर साडेपाचवर जाऊन बसला होता. अशा वेळी पाचचा बिल्ला लावून दारात उभं राहणं कोणाला बरं वाटेल?

खरी गंमत पुढेच आहे. नेटस्केप ६ ज्या मोझिला प्रकल्पाच्या कोडवर उभा होता, त्या कोडचा तेव्हाचा क्रमांक होता ०.६. लिहिणारे सांगत होते, अजून एकसुद्धा पुरा झालेला नाही. वाटणारे म्हणाले, सहा! शून्य गळालं, टिंब पळालं, आणि कच्चा माल पक्का झाला.

वापरणाऱ्याला मात्र ते टिंब रोज भेटत होतं. ब्राउझर उघडायला टिचकी मारावी आणि वाट पाहत बसावं. त्याचे मेनू आणि बटणं विंडोजची नव्हती, तो ती स्वतःची स्वतः रंगवत असे. त्यामुळे मेनू खाली यायलाही थोडा विचार करायचा. मेमरी तर त्या काळच्या संगणकाकडे जेवढी होती तेवढी कमीच पडे. आणि हे सगळं तग धरून उभं राहिलंच तर ठीक. कोसळलं तर एक नम्र खिडकी उघडून विचारणार, की कोसळलं तेव्हा आपण नेमकं काय करत होतात? म्हणजे पडला तो, आणि जबाब द्यायचा वापरणाऱ्यानं.

नेटस्केपची मालक तेव्हा एओएल कंपनी होती. तिच्या स्वतःच्या ग्राहकांना दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता ब्राउझर होता? इंटरनेट एक्सप्लोरर. मालकाला आपल्या मालाची पारख असते ती अशी. मोझिलाच्या मंडळींनी आपल्या कोडवर १.० हा आकडा घातला तो ५ जून २००२ रोजी, म्हणजे त्याच कोडचा ‘सहावा’ अवतार वाटून झाल्यावर दीड वर्षाहून अधिक काळानं.

तेव्हा बीटा, म्हणजे चाचणीसाठी वाटलेली कच्ची आवृत्ती, ही मालाची अवस्था असते, हा भाबडा समज आहे. ती मालकाची सोय असते. गूगलची जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आली आणि जुलै २००९ पर्यंत बीटाच राहिली. कोट्यवधी लोकांचे पगाराचे कागद, लग्नाच्या पत्रिका आणि नोकरीचे अर्ज पाच वर्षं चाचणीतल्या टपालपेटीत पडत होते. मग बड्या कंपन्यांना पैसे घेऊन ही सेवा विकायची, तर त्यांना ‘चाचणी’ हा शब्द खटकतो, असं लक्षात आलं आणि पाटी उतरली. ज्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं त्यांच्यासाठी ती पाटी पुन्हा लावून घेण्याची सोयही गूगलनं ठेवली. विनोदबुद्धी आहे, हे मान्य करायला हवं.

त्याच गूगलचा क्रोम ब्राउझर २ सप्टेंबर २००८ रोजी बीटा म्हणून आला आणि शंभर दिवसांत, ११ डिसेंबरला, पक्का झाला. तेव्हा त्याची मॅकसाठीची आवृत्ती नव्हती, लिनक्ससाठीची नव्हती, एक्सटेन्शन्सही नव्हती. पण पाटी उतरली ती उतरलीच. शिवाय पहिल्या दिवशीच्या करारात एक कलम असं होतं, की या ब्राउझरमधून तुम्ही जे काही पाठवाल किंवा प्रसिद्ध कराल ते वापरण्याचा परवाना गूगलला मिळेल. गलका झाला, तेव्हा कलम लगेच मागे घेतलं. दुसऱ्या उत्पादनाच्या करारातून ते उचललं गेलं होतं म्हणे. कोडमध्ये ढेकूण सापडतात तसे ते वकिलांच्या मसुद्यातही सापडतात, फरक एवढाच की तिथले लवकर मरतात.

ॲपलनं तर कमाल केली. ११ जून २००७ रोजी स्टीव्ह जॉब्झ यांनी विंडोजसाठी ॲपलच्या सफारी ब्राउझरचा बीटा जाहीर केला. एक्सप्लोररच्या दुप्पट वेगवान, अशी द्वाही फिरवली. पहिल्या दिवसापासून सुरक्षित, हा दावा वर. पहिला दिवस मावळायच्या आत सुरक्षातज्ज्ञांनी त्यात भोकं शोधून दाखवली. १४ जूनला दुरुस्त आवृत्ती आली. पहिल्या ४८ तासांतच दहा लाखांवर लोकांनी ती भोकं आपापल्या घरी उतरवून घेतली होती. पुढच्या मार्चमध्ये विंडोजच्या सफारीची बीटाविना आवृत्ती आली, तर तिच्या करारात लिहिलेलं, की हे सॉफ्टवेअर फक्त ॲपलचा शिक्का असलेल्या संगणकावरच चालवावं! विंडोजसाठी बनवलेली वस्तू विंडोजच्या साध्या संगणकावर टाकणारा प्रत्येक जण कागदोपत्री गुन्हेगार. हेही बोभाटा झाल्यावर बदललं.

तक्रार करायची तरी रीत असते. मोझिलाच्या बगझिलामध्ये तक्रार नोंदवली, की ती तहसील कचेरीतल्या अर्जासारखी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते आणि शेवटी तिच्यावर शिक्का बसतो. ‘ही तक्रार आधीच आलेली आहे’, ‘ही तक्रारच नव्हे’, ‘दुरुस्त करणार नाही’. या सगळ्यांचा बादशहा म्हणजे ‘माझ्याकडे चालतंय’. हा अधिकृत शेरा आहे, कोणाची थट्टा नव्हे.

मराठी वाचकाची गोष्ट मात्र उलटी. मोझिलाचा ब्राउझर फायरफॉक्स २ ही पक्की, बीटाबिटा नसलेली आवृत्ती. तिच्यात दोन्ही समासांना टेकवलेला देवनागरी मजकूर आला की जोडाक्षरं फुटायची आणि वेलांट्या वाट चुकायच्या. लिनक्सवर तर नीट वाचायचं असेल तर आडवळणाची खटपट करावी लागे. मजकूर मांडण्याची यंत्रणा बदलली ती फायरफॉक्स ३ मध्ये, आणि जून २००८ मध्ये तो पक्का होण्याआधी त्याचे पाच बीटा येऊन गेले. ज्या बीटाला इंग्रजीतले लोक नावं ठेवत होते, त्यात आमचा ‘क्ष’ निदान एकसंध होता. पक्क्यानं पिडलेल्यांना कच्चा गोड लागला, तो असा.

२०२१ च्या उन्हाळ्यात आयफोनवरच्या सफारीच्या बीटात पत्त्याची पट्टी वरून उचलून तळाशी आणली गेली आणि पान ताजं करण्याचं बटण तीन टिंबांच्या मागे दडलं. बीटा वापरणाऱ्यांनी असा कल्लोळ केला, की ॲपल दर नव्या बीटाला थोडं थोडं मागे सरकत गेली. सप्टेंबरमध्ये पक्की आवृत्ती आली तेव्हा पट्टी पुन्हा वर नेण्याची सोय सेटिंग्जमध्ये दिलेली होती. ज्यांनी सेटिंग्ज उघडलीच नाहीत त्यांची पट्टी तळाशीच राहिली.