एकदाच बेकार व्हा

विठ्ठलवाडीतल्या खासगी शाळेने ईएसआयचा विमा असलेला लिपिक कमी केला, तर ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ त्याला सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम देते. फार तर 90 दिवस आणि आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा बेकार होण्याइतका बेजबाबदार नागरिक सरकारने गृहीतच धरलेला नाही, हा विश्वास थोरच! कुणी म्हणेल, दिवाळीत गेलेली नोकरी जूनच्या भरतीआधी कशी मिळणार? अहो, अर्धपोटी राहिले की 90 दिवसांचे 180 होतात. शिवाय 2018 मध्ये दोन वर्षांच्या प्रयोगासाठी आलेली ही योजना स्वतःच मुदतवाढीवर जगत आली आहे. बेकारांनीही प्रायोगिकच राहावे. नोकरी जाण्याचे कारण लिहिताना लिपिक अडणार नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर तो वर्षानुवर्षे लिहीत आलाच आहे : ‘पालकांच्या विनंतीवरून.’